शेपटी नसलेली प्रत

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दहा चाळीसला सगळं बदललं. घड्याळ बघून ठेवलं म्हणून माहीत.

छापखान्याचा जिना, खालून सातवी पायरी. मर्लिन उतरत होती, मी चढत होतो. तिच्या हातात प्रूफं, माझ्या हातात बिनदुधाच्या कट्टन चहाचे दोन ग्लास — आणि मी विचारून टाकलं! आठ महिने पाठ केलेलं एक वाक्य आठवलं नाही. "माझं काय ते एकदा सांग" एवढंच आलं तोंडून. रेशनच्या रांगेत विचारतात तसं.

ती थांबली. हसली नाही. रागावलीही नाही.

"डिजो, ओरडू नकोस. वर इट्टूप चेट्टन आहेत."

मी ओरडलो होतो, वर मालकांना ऐकू जाईल इतका? असेन.

मग खाली बघत म्हणाली, "तोंडानं नाही जमत मला असलं. लिहून सांगते."

"कधी? फोनवर?"

"फोन आमच्याकडे घरभर फिरतो. लिहिलं की दिसेल तुला."

आणि गेली. चहा अर्धा माझ्या मनगटावर. भाजलेलं आत्ता कळतंय.

लिहून सांगते. 'नाही' म्हणायला कुणी कागद मागतं का? 'नाही' तर जिन्यातच सांगून होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काही आलं नाही.

ही वही मीच बांधली. कुन्नंकुळात, छापखान्यांच्या गावात राहून वही विकत आणली तर लोक हसतील. कातरणीतली पानं, निळं कापड, आणि शिवण छापखान्यातले बांधणीवाले म्हातारे, ताराप्पन अप्पापन, ह्यांनी घालून दिली. "संगणकवाला पोरगा, आणि लिहितोस कागदावर?" म्हणाले. मी म्हटलं, तोंड पोळलंय माझं.

पोळलंयच. जानेवारीपासूनची रोजनिशी संगणकात होती. पहिला प्रोग्राम देखणा, पण महिन्याभरात पैसे मागायला लागला. दुसरा फुकट, पण फोनवर अर्धी ओळ गिळायचा. तिसऱ्याला आमची लिपी दिसली की तो जोडाक्षरं शेंगांसारखी सोलून ठेवायचा. चौथा खरा चांगला — साधा, मोकळा, कुणा कंपनीचा मिंधा नाही. सप्टेंबरात फोन आणि लॅपटॉप त्याच्याकडून जुळवायला गेलो. फोनवरची वही कोरी होती. त्याला वाटलं, कोरी तीच नवी! दोन्हीकडे कोरं करून टाकलं. आठ महिने लिहिलेली मर्लिन चार सेकंदांत गेली, वर हिरवी खूण — सगळं ठीक आहे!

कागदाचं बरं आहे. तो नाहीसा करायला फाडावा लागतो. निदान आवाज होतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

काही नाही. आज प्रूफं परत आली, सगळे समास उजेडात धरून बघितले. "आजोबांचं नाव ऐपे, ऐप्प नव्हे." "इथे स्वल्पविराम." ह्यात माझं काय आहे?

मण्णुंपुरत्त घराण्याचं कुटुंबचरित्र छापतोय आम्ही. चारशे सोळा पानं, साडेअकराशे माणसं, कोण कुणाचा, कोण कुठे दिली, कोण कुवेतला. तेवीस नोव्हेंबरला त्यांचा कुटुंबमेळावा, त्याच्या आत पुस्तक हातात हवं. पौलोस मास्तर लिहितात हातानं, त्यांची मुलगी ते तपासते, दुरुस्त्या करून पाठवते. ती मुलगी म्हणजे मर्लिन. बी.एड. करते. एका ओळीत तीन चुका पकडते आणि चौथी सोडते — मुद्दाम, मला बरं वाटावं म्हणून, असं मला वाटतं.

क्लाउडवरचं, म्हणजे ढगातलं, सामायिक फोल्डर ही माझी कल्पना. तीन मशिनं: छापखान्याचं जुनं, माझा लॅपटॉप, मर्लिनचा लॅपटॉप. एकीकडे लिहिलं की तिन्हीकडे दिसतं. एकीकडे पुसलं की तिन्हीकडून जातं. दुरुस्त्यांच्या फाइलीला मी तिचंच नाव दिलं. मर्लिन. दुसरं सुचलं नाही असं चेट्टनना सांगितलं.

पण दोघांनी एकदम हात लावला की हा मेला प्रोग्राम कुणाचं धरावं हे न कळून दुसरी प्रत काढतो, तिला लांब शेपटी लावतो — "मर्लिन, छापखान्याच्या मशिनची प्रत, ७ ऑक्टोबर". मग शेपटीलाही शेपटी. आज मोजल्या. सत्तावीस! खरी कुठली हे येशूलाच ठाऊक.

९ ऑक्टोबर, गुरुवार

भांडलो. कडाक्याचं.

इट्टूप चेट्टनना पाचव्या शाखेतली एक पूर्ण पिढी सापडेना. नऊ माणसं. ती एका शेपटीवाल्या प्रतीत होती, मी काढून दिली, पण तोवर त्यांचा पारा चढला होता.

"चाळीस वर्षं मी शिशाच्या खिळ्यांचे फर्मे दोरीनं बांधले. एकदा पान हरवलं नाही. तुझ्या ढगात माणसं मरतात!"

"ढगाचा दोष नाही चेट्टन. तुमचं मशिन दोन हजार सालचं, वरचा प्रोग्राम चोरीचा, टंकाची पद्धत त्याहून जुनी. माझ्या लॅपटॉपवर सगळं मोकळ्या सॉफ्टवेअरवर करू, एका दिवसात—"

"ती टरफलपेटी? तिच्यावर पान लावलं की ओळी दारुड्यासारख्या चालतात!"

टरफलपेटी म्हणाले! शाळेत दहावीपर्यंत आम्ही सगळे ह्याच मोकळ्या प्रणालीवर शिकलो. सरकारनं शिकवलं. तिच्यापायी तर मी कॉलेज सोडलं. पाचव्या सत्रात प्रकल्पाची फाइल सरांच्या मशिनवर उघडली, तक्ते सगळे कोसळले. "हा काय कचरा आणलास?" म्हणाले. मी म्हटलं, कचरा तुमच्या मशिनात आहे. मग दार आपटलं. दोन वर्षं झाली, ते दार परत उघडलेलं नाही.

आज छापखान्याचं आपटलं. त्याआधी लॅपटॉप फोल्डरमधून तोडला आणि सांगितलं, तो पुन्हा इथे आणला तर चुम्मारचं नाव लावणार नाही. चुम्मार माझे आजोबा. बिचाऱ्यांना कशाला मध्ये ओढलं?

चेट्टन वरून ओरडले, "अरे मोने, पोरा, बिजागरी निखळली तर तूच बसवशील!"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बसवली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सात दिवस झाले. लिहायला किती वेळ लागतो? तिचं अक्षर तर भरभर आहे.

काल चर्चला, आमच्या पळ्ळीत, बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होती. पांढरी ओढणी. एकदा बघितलं माझ्याकडे, सरळ. असं बघितलं की जणू मलाच काहीतरी द्यायचं राहिलंय. मी काय देऊ? मी तर विचारून बसलोय!

पुन्हा विचारणार नाही. एकदा विचारलं, बास. मलाही मान आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज साफसफाई. माझा लॅपटॉप नाही, म्हणजे चेट्टनच्या त्या म्हाताऱ्या मशिनवरच सगळं. एकतीस शेपट्या उघडून, ताडून, पुसल्या. सकाळपासून दुपारपर्यंत. डोळ्यांत वाळू.

शेवटी राहिली शेपटी नसलेली एक जोडी. मर्लिन आणि मर्लिन. दोन्ही अगदी तेच नाव, खाली-वर. प्रोग्राम आता शेपटीही लावायला कंटाळला! एक मोठी, आपल्या दुरुस्त्यांची. दुसरी चिमूटभर. उघडली — नुसते चौकोन. पानभर रिकामे चौकोन, खिडक्या असलेल्या ओसाड इमारतीसारखे. अर्धी पोहोचलेली, कुजलेली प्रत.

पुसली. तिन्ही ठिकाणांहून गेली असेल. हिरवी खूण आली.

पहिल्यांदाच फोल्डर स्वच्छ दिसतंय. चेट्टनसुद्धा म्हणाले, "आता कसं माणसांत आलं!"

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मर्लिन आली होती, आठव्या शाखेची प्रूफं घेऊन. छपाईयंत्रात कागद अडकलेला, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत आत, शाई गालाला. असल्या वेळी!

जवळ येऊन हळू म्हणाली, "फोल्डर पाहिलंस?"

"पाहिलं."

"माझ्या नावाची... ती छोटी फाइल?"

"पाहिली की. पुसून टाकली."

"पुसलीस?"

"मग काय मेणबत्त्या लावू तिच्यापुढे? असला कचरा मी ठेवत नाही."

ती टेबलाकडे वळली. प्रूफं टेबलावर ठेवली, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. "बरं," म्हणाली. मग दारातून, "लवकर कळलं ते बरं झालं."

काय लवकर कळलं? दुरुस्त्या सगळ्या शाबूत आहेत, एकही गेली नाही. हे सांगायला मागे जाणार होतो, तेवढ्यात चेट्टननी यंत्र चालू केलं — माझा हात आत असताना! नशीब बोटं आहेत.

जिन्यातून ती उतरली तेव्हा पावलं मोजली मी. सातव्या पायरीवर थांबली नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

चेट्टन चहा पिताना सहज बोलले. सहज!

"पौलोस मास्तरांच्या मुलीला काल पाहून गेले. मुलगा ऑकलंडला. माणसं चांगली वाटली म्हणे."

मी म्हटलं, "मुलगी काय म्हणाली?"

"मुलगी काय म्हणणार? मास्तरांनी विचारलं, तुझ्या मनात दुसरं काही आहे का. नाही म्हणाली."

नाही म्हणाली.

म्हणजे हे तिचं लिहून सांगणं.

२१ ऑक्टोबर

जेवलो नाही. अम्मा म्हणाली, "मासे आणलेत, काय रुसलास माशांवर?"

२६ ऑक्टोबर, रविवार

शब्द दिला-घेतला. चोवीस नोव्हेंबरला लग्न. डिसेंबर लागला की नाताळचा उपास, मग लग्नं नाहीत, म्हणून घाई. आदल्या दिवशी कुटुंबमेळावा, सगळे पाहुणे आयतेच जमलेले. पुस्तकात तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव घालायचंय. घालणार कोण? मी!

लिहून सांगते म्हणाली होती. वीस दिवस मी समास उजेडात धरले, पाकिटं झटकली, फोन उशाला घेऊन झोपलो. 'नाही' एवढी दोन अक्षरं लिहायला तिला वेळ झाला नाही. वर "लवकर कळलं ते बरं झालं" म्हणे. आठव्या शाखेच्या त्याच फेरीत ऑकलंडचं ठरलं असेल!

इतका राग आलाय की कशावर काढू ते सापडत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिली हाक. रविवारची कुर्बाना-प्रार्थना संपल्यावर पाद्री अच्चननी कागद उघडला. "मण्णुंपुरत्त पौलोस ह्यांची कन्या मर्लिन..." शेवटचा न त्यांनी नाकात धरून ठेवला. "कुणाची हरकत असल्यास कळवावे." तीन रविवार अशी हाक, मग लग्न.

कळवावे! कुणाला? कशाच्या आधारावर? माझ्याकडे एक ओळ नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

बंगळुरूला जातो म्हटलं. चेट्टन म्हणाले, "आधी पुस्तक बांध, मग जा कुठे जायचं ते. अर्धवट टाकणं तुझ्या रक्तात आहे."

मान खाली घालून कागद मोजायला बसलो. पहिल्यांदाच. चेट्टन घाबरून मला केळ्याची भजी द्यायला लागले.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसरी हाक. "मण्णुंपुरत्त पौलोस ह्यांची कन्या—"

पुढचं ऐकलं नाही. उठलो, बाजूच्या दारानं बाहेर पडलो, आणि ते दार... शिसवी दार आहे, दोनशे वर्षांचं. तोफेसारखं वाजलं. आतली अख्खी पळ्ळी वळली असणार.

मागे बघितलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगळ्या कुन्नंकुळाला कळलंय. मासेवालीनं अम्माला विचारलं, "मोनच्या पोटात कळ आली होती का काल?"

अम्मा हो म्हणाली. देव तिचं भलं करो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मास्तर स्वतः आले. हातात शेवटचा फर्मा, पुस्तकाची शेवटची पानं: नावांची सूची. माझ्याशी नीट बोलले, रविवारचं काही नाही. त्यानं जास्त लागलं. त्यांनी पान पुढे केलं.

"मोने, माझी मर्लिन दोनदा कशी? इथे बघ, म मध्ये. आणि पुन्हा इथे, सगळ्यांच्या शेवटी, एकटीच."

खरंच. एक मर्लिन आपल्या जागी, पान तीनशे दोन. दुसरी सूचीच्या अगदी खाली, पान तीनशे तीन, बिनकुटुंबाची असल्यासारखी.

"सूची मशिन लावतं मास्तर. मशिनची चूक."

"मशिनला काय माहीत ती दोन आहे म्हणून?" मास्तर म्हणाले. "एका मुलीला दोन जागा देऊ नकोस. उद्या नीट करून दे."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं एकदम लिहावंसं वाटतंय. तरी क्रमानं लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी सूचीचं पान घेऊन बसलो. दोन्ही नावं भिंग लावून बघितली. तंतोतंत. ताराप्पन अप्पापन शेजारी शिवण घालत होते. पन्नास वर्षं खिळे जुळवले त्यांनी, शिशाची छपाई होती तेव्हा. मी पान पुढे केलं आणि चिडून म्हटलं, "सांगा, ह्यात फरक काय आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "डोळ्याला नाही. हाताला असेल."

"म्हणजे?"

"शेवटचा अर्धा न, चिल्ल. शिशात त्याचा खिळा एकच. खण वेगळा, डाव्या हाताला वर. डोळे मिटून उचलायचो. तुमच्या मशिनात तो कसा बनतो?"

मी सांगायला लागलो आणि सांगतानाच मला कळलं.

आमच्या लिपीत अर्ध्या न च्या दोन रीती आहेत. जुनी: पूर्ण न लिहायचा, त्याचा पाय मोडायचा, पुढे एक अदृश्य खूण ठेवायची. नवी: अर्धा न हेच एक स्वतंत्र अक्षर. पडद्यावर दोन्ही सारखेच. मशिनला मात्र दोन वेगळी नावं, जशी मर्लिन आणि मार्ता. मला हे शाळेपासून माहीत आहे! ह्यावर मी लोकांशी भांडलोय!

"दोन मर्लिन दोन हातांनी लिहिल्यात मग," अप्पापन म्हणाले. "एक तुझी. दुसरी कुणाची?"

चेट्टनचं मशिन जुन्या रीतीनं लिहितं. मी जी लिहितो ती जुनी. नव्या रीतीनं लिहिणारं ह्या सगळ्यात एकच मशिन. तिचं.

आणि मग मला दोन फाइली आठवल्या. खाली-वर. शेपटी नसलेली. प्रोग्राम शेपटी लावायला विसरला नव्हता — ती प्रत नव्हतीच! ती कुणीतरी नव्यानं, स्वतःच्या हातानं, स्वतःचं नाव देऊन ठेवलेली वेगळी फाइल होती. चौकोन होते कारण आतला मजकूर तिनं ज्या नव्या टंकात लिहिला, तो ह्या म्हाताऱ्या मशिनात नाहीच.

"ती छोटी फाइल?" "पुसून टाकली." "असला कचरा मी ठेवत नाही."

देवा.

पुसलेलं तीस दिवस जपून ठेवतात ते. यादी उघडली. एकतीस शेपट्या, आणि तळाला ती. "कायमची नष्ट होण्यास १ दिवस."

एक दिवस! मास्तरांना ते दुसरं नाव दिसलं नसतं तर?

परत आणली. उघडली. चौकोन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लॅपटॉप आणला. चुम्मार अप्पापन, माफ करा.

इट्टूप चेट्टननी बघितलं. "टरफलपेटी आली वाटतं," म्हणाले, आणि माझं तोंड बघून स्वतःच खाली चहा आणायला गेले.

वाचलं. पूर्ण उतरवून ठेवतो, कागदावर, म्हणजे जाणार नाही.

"डिजो, ही फाइल फक्त तुझ्यासाठी. माझे अप्पन मास्तर असले तरी संगणकाला हात लावत नाहीत. रविवारी आमच्याकडे एक स्थळ येतंय. अजून शब्द दिलेला नाही. तू जिन्यात जे विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे कधीपासून आहे, तुला ते कळत कसं नाही याचंच नवल वाटतं. पण मला एक माहीत नाही. तू खरंच विचारलंस, की तडकून? तू रागात पुष्कळ करतोस. कॉलेजही तसंच सोडलंस. म्हणून तुला काही करायला सांगत नाही. काहीच करू नकोस. ही फाइल इथे तशीच राहू दे. शनिवारपर्यंत राहिली तर मी अप्पनना सांगेन. ते ऐकतात माझं. मन बदललं असेल तर पुसून टाक. माझ्याकडूनही ती जाईल, दोघांकडे काही उरणार नाही, आणि मी कधी विचारणार नाही."

काहीच करायचं नव्हतं मला. काहीच!

अख्ख्या जगात हे एकच काम मला जमत नाही, आणि तिनं तेच सांगितलं होतं.

दुपारी तिच्या फाटकापर्यंत गेलो. मांडवाचे बांबू गाडीतून उतरत होते. मास्तर ओट्यावर, मांडीवर प्रूफं. ती त्रिशूरला, साड्यांना. मी तोंड उघडणारच होतो. काय सांगणार होतो, कुणाला, बांबूवाल्यांसमोर? परत आलो.

अप्पापनांना तेवढं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली. "तीनदा दार आपटलंस. आता एकदा थांबून बघ. तिचं तिला ठरवू दे."

"परवा तिसरी हाक आहे!"

"म्हणून म्हणतो, थांब. ओरडून सांगितलंस तर ते पुन्हा तुझंच झालं."

फाइल तिच्या जागी आहे. मूळ नावानं, तिच्या न नं. तिच्या मजकुराखाली मी लिहिलं: "वाचली नव्हती. आज वाचली. पुसली ती चौकोन दिसले म्हणून. खरंच विचारलं होतं." मग खोडत बसलो नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फोल्डरमध्ये तिच्या लॅपटॉपपुढे करडा ठिपका. "शेवटचा संपर्क: ११ नोव्हेंबर."

बंद आहे. कपाटात असेल, साड्यांखाली.

सकाळी दहा. करडा.

बारा. करडा.

सूची नीट केली. दुसरी मर्लिन उचलून पहिलीत मिळवली. पान ३०२, ३०३. तिच्या नावापुढची नवऱ्याची जागा पुन्हा उघडून पाहिली आणि हात न लावता मिटली.

चार. करडा. वीज गेली, आली. यंत्र धडधडलं की मला वाटतं माझंच काही.

चेट्टन निघताना म्हणाले, "उद्या रविवार. किल्ली ठेव तुझ्याकडे." का म्हणाले? अप्पापनांनी सांगितलं असेल? दार ओढताना बिजागरीला हात लावून गेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सव्वासात. छापखान्यात एकटा. समोर पळ्ळीची पहिली घंटा झाली.

सात वाजून चार मिनिटांनी ठिपका हिरवा झाला.

राहवलं नाही, फाइलीत आणखी लिहायला घेतलं. एवढंच: "तू जे ठरवशील ते." जतन केलं — आणि त्याच क्षणी खाली दुसरी प्रत उगवली. शेपटीवाली. "मर्लिन, मर्लिनच्या लॅपटॉपची प्रत, १६ ऑक्टोबर—" नाही, नोव्हेंबर, हात चुकतोय — म्हणजे मी लिहीत होतो तेव्हा तीही लिहीत होती! दोघांनी एकदम हात लावला!

ह्या शेपटीला मी वर्षभर शिव्या घातल्या.

उघडली. सगळ्यांच्या खाली एक ओळ.

"पळ्ळीत जायच्या आधी जिन्यात थांबते. अप्पनही बरोबर आहेत, त्यांना दाखवलंय. ओरडू नकोस."

खाली पावलं. दोन माणसांची. सातव्या पायरीवर थांबली.

वही मिटतो. जातो. दार हळू लावणार आहे.